स्प्लिट एसीतून घरात पाणी गळत असेल तर

आधी एसीचा एमसीबी (वीज तोडणारा स्विच) बंद करा. झाकण उघडून कॉइल, म्हणजे पातळ धातूच्या पात्या बसवलेल्या थंड नळ्या, पाहा. बर्फ दिसला तर खरवडू नका, पात्या वाकतात. आपोआप वितळू द्या. बर्फ धरण्याचं नेहमीचं कारण म्हणजे धुळीनं चोंदलेली जाळी. ती साध्या पाण्यानं धुवा, सावलीत वाळवा. तरीही बर्फ धरत असेल तर गॅस कमी झाला असण्याची शक्यता असते, मेकॅनिकला बोलवा.

बर्फ नसेल तर ड्रेन पाइपकडे, म्हणजे एसीतलं पाणी बाहेर नेणाऱ्या नळीकडे वळा. मुंबईच्या दमट हवेत दीड टनाचा एसी तासाला लिटरभर पाणीही काढतो. त्यात धूळ मिसळून कॉइलखालच्या ट्रेमध्ये बुळबुळीत थर साचतो आणि पाइपचं तोंड बुजतं. ट्रेमध्ये कपभर पाणी हळूच ओता. ते लगेच बाहेर पडलं नाही, तर पाइपच्या बाहेरच्या टोकाला पाणी ओढणारा व्हॅक्यूम लावा, सांधा ओल्या फडक्यानं आवळा आणि मिनिटभर चालवा. फुंकर मारू नका, घाण उलट ट्रेमध्ये येते. अ‍ॅसिड तर अजिबात नको, कॉइल खातं.

पाइपला सलग उतार हवा. त्याचं टोक बादलीतल्या पाण्यात बुडलेलं असेल तर वर काढा. हवा अडकून पाणी मागे तुंबतं. टोक खिडकीबाहेर उंचावर असेल तर वाकून हात घालू नका, माणूस बोलवा.