अजिंक्यताऱ्यावर फिरताना कुठल्या महिन्यात काय बघायचं

साताऱ्याच्या अजिंक्यतारा किल्ल्यावर सकाळी फिरायला जाणारे बरेच जण म्हणतात की इथं मोर सोडून काही दिसत नाही, आणि खरं सांगू का, ज्या स्पीडनं ते चढतात त्या स्पीडनं मोर दिसतो हेच खूप झालं. व्यायामाचा दिवस वेगळा ठेवा, बघायला जायचा वेगळा. आणि बघायला गेलात की पक्षी शोधत बसू नका, त्याचं खाणं शोधा. आत्ता काय फुललंय, काय पिकलंय, किडे कुठं जमलेत, एवढं हेरलं की निम्मं काम झालं.

मे संपत आला की डोळ्यांपेक्षा कान जास्त कामाला येतात. पावशा 'पेर्ते व्हा' करत दिवसभर ओरडतो पण दिसायला महाअवघड, फांदीवर चिकटून बसतो आणि लांबून शिक्रा, म्हणजे छोटा शिकारी पक्षीच वाटतो. जूनमध्ये पावसाच्या वाऱ्याबरोबर आफ्रिकेतून चातक येतो, काळापांढरा, डोक्यावर तुरा. याला शोधायचं तर सातभाईंचा, म्हणजे थव्यानं फिरणाऱ्या मातकट पक्ष्यांचा कलकलाट चाललाय तिथं थांबा, कारण हा अंडी त्यांच्याच घरट्यात घालतो, स्वतः घरटं बांधायची भानगडच नाही. नवरंग पक्षी पण याच दिवसांत, दोन सुरांची शीळ भल्या पहाटे आणि संध्याकाळी येते. आवाज झाडातनं आला तरी खाण्यासाठी तो जमिनीवर पाचोळा उलथत असतो, म्हणून दाट झाडीखाली खाली बघा, वर नाही. आणि मोबाईलवर त्याचा आवाज लावून त्याला बोलवू नका प्लीज, विणीचा हंगाम असतो, बिचारा दुसरा नर आला समजून सगळं सोडून भांडायला येतो.

पाऊस ओसरला की सप्टेंबर-ऑक्टोबर फुलपाखरांचा. इथं पहाटे उठायची गरज नाही, ऊन पडून अंग तापल्याशिवाय ती उडतच नाहीत, नऊनंतर निवांत जा. घाणेरीच्या फुलांवर तर असतातच, पण माझ्या मते खरी मजा खुळखुळ्याच्या झुडपाशी. ब्लू टायगर, कॉमन क्रो या फुलपाखरांचे नर त्याच्या सुकलेल्या भागांतून रस शोषतात, मादीला भुलवायचा वास तयार करायला त्यांना तो लागतो, त्यामुळं हळू गेलात तर अगदी जवळून बघता येतात. ओल्या मातीवर बसलेली पण बघा, क्षार घेत असतात. याच दिवसांत वाटेवर मोठमोठी कोळ्यांची जाळी असतात, तोंडात जायच्या आधी दिसली तर बरं.

थंडीत तटबंदी आणि पडक्या भिंती सोडू नका. थिरथिरा पक्षी तिथंच, शेपटी सारखी थरथरत असते म्हणून ओळखायला सोपा. धोबी पक्षी सपाट मोकळ्या जागी पळताना दिसतो. दुर्बीण घ्यायची असेल तर ८ बाय ४२ (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) पुरे, जास्त झूमची घेतली की हात हलतो आणि काहीच नीट दिसत नाही.

फेब्रुवारी-मार्चमध्ये चालायचं कमी, बसायचं जास्त. काटेसावर, पांगारा, पळस यातलं फुललेलं एक झाड गाठा आणि सूर्य पाठीशी ठेवून अर्धा तास बसा. मैना, शिंजीर, बुलबुल आणि नशिबात असेल तर गुलाबी भोरड्या, सगळे मध प्यायला तिथंच येतात. वणवा लागून गेलेल्या उतारावर कोतवाल पक्षी फिरतात, मारे पाहुण्यासारखे, गवतातनं निघालेले किडे टिपायला. तो वणवा मात्र बहुतेक वेळा माणसानंच लावलेला असतो, चालू असेल तर फॉरेस्टवाल्यांना १९२६ ला फोन करा.

दगड उचलून खाली काय आहे बघायची हौस असेल तर आपल्या बाजूची कड आधी उचलू नका, लांबची कड काठीनं उचला, फुरसं, म्हणजे छोटा विषारी साप असू शकतो, आणि दगड होता तसाच परत ठेवा. पावसाळ्यात कॅनव्हासचे बूट नकोत, बाभळीचा काटा आरपार जातो.