अंध विद्यार्थ्यांना पुस्तक वाचून द्यायचंय? असं करा

निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच महिन्यात मी जवळच्या कॉलेजात गेले. म्हटलं, मला अंध मुलांची लेखनिक, म्हणजे परीक्षेत ती सांगतील ती उत्तरं लिहून देणारी, व्हायचंय. ऑफिसातल्या बाईंनी शिक्षण विचारलं. मी बी.कॉम., आणि तिथेच गाडी अडली. परीक्षार्थी स्वतःचा लेखनिक आणत असेल, तर त्याचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खाली असावं, असं केंद्र सरकारच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचना तेव्हा सांगत होत्या. बी.ए.च्या मुलीला पदवीधर काकू चालत नव्हती. हे आधीच सांगते, म्हणजे तुम्ही हिरमुसून घरी बसणार नाही. पुस्तकं वाचून, ध्वनिमुद्रित करून द्यायला अशी कुठलीच अट नाही आणि ते काम वर्षभर असतं.

पुस्तकं फोनच वाचून दाखवतो की, मग आपण कशाला, असं मलाही वाटलं होतं. युनिकोडमधला, म्हणजे कुठल्याही फोनवर नीट दिसणाऱ्या टायपातला, मजकूर तो छान वाचतो. पण जुन्या फॉन्टमधल्या नोट्सची पीडीएफ उघडली की काहीच्या बाही ऐकू येतं. झेरॉक्सवरून काढलेल्या झेरॉक्सपुढे तर तो हातच टेकतो.

काम मिळवायला कॉलेजच्या ग्रंथपालांना भेटा किंवा अंध मुलांच्या वसतिगृहात विचारा. ‘नॅब’, म्हणजे १९५२ साली सुरू झालेली नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड, तिची शाखा जवळ असेल तर तिथेही जा. मग विद्यार्थ्याशी स्वतः बोला. कुठली आवृत्ती, परीक्षा कधी, आधी कुठलं प्रकरण हवं, हे त्यालाच ठरवू द्या.

माझं पहिलं ध्वनिमुद्रण पंचावन्न मिनिटांचं होतं, सगळं एकाच फाइलीत. दुसऱ्या दिवशी, जिच्यासाठी वाचलं त्या मुलीचा फोन आला, “काकू, ताश्कंद करार कितव्या मिनिटाला आहे?” मला सांगता येईना. त्याच प्रकरणातला एक तक्ता मी “इथे तक्ता दिला आहे” एवढं म्हणून सोडून दिला होता. डोळसाला तो दिसतो, तिच्यापर्यंत तो पोचलाच नाही. फार वाईट वाटलं मला.

तेव्हापासून एका मुद्द्याची एक फाइल, दहा-पंधरा मिनिटांची. नाव ‘इतिहास ०३ पान ४१ ते ४८’ असं. आकडा ०३ असाच, म्हणजे दहावी फाइल तिसरीच्या आधी येऊन बसत नाही. सुरुवातीला पुस्तक, प्रकरण, पान सांगायचं. पान उलटलं की “पान बेचाळीस” म्हणायचं. तळटीप आली की “तळटीप” आणि शेवटी “तळटीप संपली”. तक्त्यात आधी रकाने किती आणि त्यांची नावं काय ते सांगा, मग प्रत्येक ओळ रकान्याच्या नावासकट वाचा. परकी नावं आली की इंग्रजी स्पेलिंग एकदा सांगा; उत्तरपत्रिकेत लेखनिकाला तीच सांगावी लागतात.

मी पहाटे साडेपाचला बसते, शेजारचे कुकर सुरू व्हायच्या आत. पंखा बंद, फोन घडी केलेल्या टॉवेलवर, तोंडापासून वीतभर लांब. ओळी सुटू नयेत म्हणून फूटपट्टी खाली धरते. अर्ध्या तासावर वाचत नाही, घसा बसतो. नाटकी चढउतार नकोत. मुलं दीडपट-दुप्पट वेगाने ऐकतात, त्यामुळे मुद्दाम सावकाशही वाचू नका. शब्दांची शेवटची अक्षरं मात्र गिळू नका.

कॉपीराइटची धास्ती मलाही होती. दिव्यांगांसाठी, नफ्याविना अशी प्रत करायला २०१२च्या दुरुस्तीपासून कायद्यात मुभा आहे. फाइल मात्र त्या विद्यार्थ्यालाच द्या, यूट्यूबवर टाकू नका.

आणि चूक सांगायला त्यांना मोकळीक द्या. परवाच निरोप आला, “काकू, पान एकशे बारावर एक ओळ गाळलीत, वाक्य जुळत नाहीये.” फूटपट्टी घसरली होती. ते पान पुन्हा वाचून पाठवलं.