संस्था चालवताय? मग या चुका टाळा (झाल्याच असतील तर काय करायचं तेही सांगतो)

मी तालुक्याच्या गावातल्या एका वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेचा बारा वर्षं खजिनदार होतो, म्हणजे पगार शून्य आणि शिव्या भरपूर. खाली लिहिलेल्या बऱ्याचशा चुका आम्ही स्वतः करून बसलोय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे फेरफार अर्ज, आपण चेंज रिपोर्ट म्हणतो तो, न टाकणं. आमचे अध्यक्ष वारले, शोकसभा झाली, फोटोला हार घातला, त्याच बैठकीत नवीन अध्यक्ष टाळ्या वाजवून निवडले आणि सगळे चहा पिऊन घरी गेले. कायदा (महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५०, कलम २२) सांगतो की बदल झाल्यापासून ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाला कळवा. आम्ही कळवलं नाही, कारण कोणी विचारलंच नाही. सात वर्षांनी एक कंपनी सीएसआरमधून (कंपन्यांनी समाजकार्याला द्यायचा पैसा) मुलींसाठी सोलर गिझर द्यायला तयार झाली आणि त्यांनी पीटीआर उतारा (धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीतला संस्थेचा उतारा) मागितला, तर उताऱ्यावर सातपैकी तीन विश्वस्त स्वर्गवासी. गिझर गेले दुसऱ्या संस्थेला.

असं झालं असेल तर आता ताजा एकच अर्ज टाकून मोकळं व्हायचं असं डोक्यात येतं, पण ते चालत नाही. मधल्या निवडी झाल्या असतील तर प्रत्येकीचा अर्ज क्रमाने लावावा लागतो, कारण तिसरी कमिटी ज्यांनी निवडली त्या दुसऱ्या कमिटीचंच नाव रेकॉर्डला नसेल तर समोरचे साहेब विचारणारच. सोबत विलंब माफीचा अर्ज, त्यात उशिराचं खरं कारण लिहा, "अनवधानाने" एवढंच लिहून भागत नाही. आणि कागद: अजेंडा नोटीस, ती सगळ्यांना मिळाली याच्या सह्या किंवा पोस्टाच्या पावत्या, प्रोसिडिंग, ठराव, नवीन लोकांची संमतीपत्रं, गेलेल्यांचे मृत्यूचे दाखले, राजीनामा असेल तर तो. नव्वद टक्के भांडणं अजेंडा नोटिशीवर होतात, हा माझा आपला अंदाज, पण कोणत्याही वकिलाला विचारा. व्हॉट्सॲप ग्रुपवर "रविवारी ११ ला मीटिंग" टाकलं म्हणजे नोटीस दिली असं समजू नका, तुमच्या संस्थेची घटना, म्हणजे नियमावली, काय म्हणते ते आधी वाचा (घटनेची प्रत कुणाकडे आहे हे शोधण्यातच आमचा एक महिना गेला).

दुसरी चूक जागेची. संस्थेच्या गच्चीवर मोबाईल टॉवर, हॉल नऊ वर्षांच्या कराराने कोचिंग क्लासला, सगळं शंभराच्या स्टॅम्पवर. कलम ३६ प्रमाणे इमारत किंवा बिनशेती जागा ३ वर्षांपेक्षा जास्त आणि शेतजमीन १० वर्षांपेक्षा जास्त भाड्याने द्यायची असेल तर धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते, विकायची, गहाण टाकायची तर लागतेच. कर्ज काढायलाही लागते, हे तर कित्येक विश्वस्तांना माहीतच नसतं. पुढे विरोधी गट तयार झाला की पहिला तोच करार बाहेर काढतो.

आता इन्कम टॅक्स. १ एप्रिल २०२६ पासून नवीन कायदा लागू झालाय, कलमांचे नंबर बदलले, मी आपले तोंडात बसलेले जुनेच वापरतोय, पावती पुस्तक छापण्याआधी सीएला विचारा. १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी देणारी नोंदणी) आणि ८०जी (देणगीदाराला करात वजावट देणारी) एकदा मिळालं की कायमचं ही जुनी समजूत अजून जात नाही. २०२१ मध्ये जुन्या संस्थांना जे पाच वर्षांचे नंबर ऑनलाइन मिळाले त्यांची मुदत ३१ मार्च २०२६ ला संपली, आणि नूतनीकरणाचा अर्ज सहा महिने आधी, म्हणजे ३० सप्टेंबर २०२५ पर्यंत करायचा होता. नवीन संस्थांना तात्पुरती नोंदणी तीन वर्षांची मिळते, पण काम सुरू केलं की सहा महिन्यांत पक्क्यासाठी अर्ज करायचा असतो, तीन वर्षं वाट बघत बसायचं नसतं, इथे नव्या पोरांच्या संस्था हमखास आपटतात. तारीख हुकली असेल तर गप्प बसू नका, उशीर माफ करायचा अधिकार इन्कम टॅक्स आयुक्तांना आहे, कारणासकट लगेच अर्ज करा.

देणग्यांचं १०बीडी स्टेटमेंट, म्हणजे कोणी किती दिले याची इन्कम टॅक्सला द्यायची यादी, ३१ मे पर्यंत. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये, आणि देणगीदाराला वजावट दिसत नाही म्हणून त्याचा फोन येतो तो वेगळाच. म्हणून पावती फाडतानाच पॅन घ्या, नंतर कोणी देत नाही. २००० च्या वर रोख दिली तर ८०जी चा फायदा नाही, आणि नवीन टॅक्स पद्धत घेतलेल्याला तर मुळातच नाही, तेव्हा "टॅक्स वाचेल" सांगून पैसे मागू नका.

परदेशी पैशावर जरा थांबतो. गावचा मुलगा न्यू जर्सीत, शाळेसाठी लाखभर पाठवतो म्हणतो, आपण लगेच खाते नंबर देतो. त्याचा पासपोर्ट भारतीय असेल आणि पैसे स्वतःच्या कमाईचे, बँकेमार्फत असतील तर ती परदेशी देणगी धरत नाहीत, पासपोर्टची प्रत तेवढी फाइलला ठेवा. पण तो अमेरिकन नागरिक झाला असेल, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळतं ते) असलं तरी, तर ती परदेशी देणगीच, एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) खालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना घेतली तर गुन्हा आहे. विचारायला लाज वाटते, "बाळा तुझा पासपोर्ट कुठला", पण विचारा.

२०२० च्या सुधारणेनंतर तर हे आणखी घट्ट झालंय. पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्याच खात्यात यायचे, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्के, आणि मोठ्या संस्थेने लहान संस्थेला त्यातून पैसे देणं पूर्ण बंद. गावपातळीवरच्या लहान संस्थांचा श्वास तिथेच कोंडला. हा संस्थांवर अन्याय आहे असं माझं स्पष्ट मत, पण सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये या सुधारणा वैध ठरवल्या, तेव्हा मत आपल्याजवळ आणि कागद पोर्टलवर. १ जानेवारी २०२२ ला देशभरात जवळपास ६००० संस्थांची एफसीआरए नोंदणी संपली, त्यात बहुतेक अशा होत्या ज्यांनी नूतनीकरणाचा अर्जच केला नव्हता. सरकार कुणाला मुद्दाम अडवतं का यावर चहाच्या टपरीवर तासभर बोलू, पण निदान तारीख चुकवून त्यांचं काम सोपं करून देऊ नका. एफसीआरए नोंदणी असेल तर वर्षभर परदेशातून एक रुपया आला नाही तरी एफसी-४ हे वार्षिक रिटर्न ३१ डिसेंबरपर्यंत भरायचंच, शून्य लिहून.

शेवटचं, हे जरा अवघड जातं बोलायला. दहा किंवा जास्त लोक कामाला असतील तर लैंगिक छळाविरुद्ध अंतर्गत समिती २०१३ च्या कायद्याने सक्तीची आहे, "आपण सगळे कुटुंबासारखे" हे उत्तर चालत नाही. अध्यक्ष बाई हव्यात, निम्म्या तरी सदस्य महिला, एक बाहेरची व्यक्ती, आणि ती बाहेरची व्यक्ती म्हणून सचिवांची वहिनी नको. आमच्याकडे तीच होती, दोन वर्षं.