प्रशांत महासागरातील बेटांचे ध्वज कसे ओळखावेत

या ध्वजांचा अभ्यास रंगांपासून सुरू करू नये, कारण त्यांतल्या बहुतेकांवर निळा समुद्र आहेच. प्रथम काठीजवळचा वरचा कोपरा पाहावा. तेथे ब्रिटनचा युनियन जॅक दिसला, तर उरलेला भाग तपासावा: फिकट निळ्यावर ढाल असेल तर फिजी, नऊ सोनेरी तारे असतील तर तुवालू, आणि गडद निळ्यावर पंधरा पांढऱ्या ताऱ्यांचे वर्तुळ असेल तर कुक बेटे. निउएचा ध्वज पिवळाधमक असल्याने तेथे घोटाळा होत नाही. तुवालूने मध्यंतरी काही काळ युनियन जॅक काढून टाकला होता आणि 1997 मध्ये तो परत आणला. त्यामुळे जुन्या चित्रांवर विसंबू नये.

टोंगा आणि सामोआ यांचे लाल ध्वज दुरून सारखे वाटतात. टोंगाच्या कोपऱ्यात पांढऱ्यावर लाल क्रॉस असतो, तर सामोआच्या कोपऱ्यात निळ्यावर त्रिशंकू तारकासमूहाचे पाच तारे असतात. न्यूझीलंड याच त्रिशंकूचे चारच तारे दाखवते, आणि तेही लाल.

कोपरा रिकामा असेल, तर तारे आणि त्यांची टोके मोजावीत. मायक्रोनेशियाचे चार तारे म्हणजे तेथील चार राज्ये. मला सर्वांत आवडतो तो नाउरूचा ध्वज, कारण तो जवळजवळ नकाशाच आहे: निळ्या समुद्रावरची पिवळी रेघ म्हणजे विषुववृत्त, आणि तिच्या खाली, काठीच्या बाजूला असलेला बारा टोकांचा पांढरा तारा म्हणजे विषुववृत्ताच्या किंचित दक्षिणेला वसलेले ते बेट; बारा टोके तेथील बारा मूळ जमातींची. पलाऊच्या ध्वजावरचे पिवळे वर्तुळ पाहून अनेकजण सूर्य म्हणतात. तो पौर्णिमेचा चंद्र आहे. सूर्य किरिबातीच्या ध्वजावर आहे, लाटांमधून उगवणारा, आणि त्याच्यावर फ्रिगेट पक्षी उडत असतो.

तिरप्या विभागणीच्या ध्वजांत रेषेची दिशा पाहावी. सॉलोमन बेटांचा पिवळा पट्टा काठीजवळच्या खालच्या कोपऱ्यातून वर चढतो. पापुआ न्यू गिनीची विभागणी वरच्या कोपऱ्यातून खाली उतरते. वानुआतूवर आडवे पडलेले पिवळे इंग्रजी वाय (Y) अक्षर आणि डुकराचा वळलेला सुळा दिसतो. न्यू कॅलेडोनियात मात्र 2010 पासून फ्रान्सचा तिरंगा आणि तेथील मूळ रहिवासी असलेल्या कनाक लोकांचा ध्वज असे दोन्ही फडकवले जातात, तेव्हा तेथे एकच उत्तर शोधू नये.