आपत्ती व्यवस्थापनात करिअर करायचंय? मग आधी दरवाजा कुठला ते बघा

पावसाळा लागला, टीव्हीवर केशरी कपड्यातले जवान बोटी हाकताना दिसले की पोरांचं सुरू होतं, दादा एनडीआरएफची (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची) भरती कधी निघते. तर ते आधी मिटवू. एनडीआरएफमध्ये थेट भरती नसते. देशात १६ बटालियन आहेत, आपल्याला जवळची ५ वी, पुण्याजवळ सुदुंबरेला, आणि सगळी माणसं बीएसएफ, सीआरपीएफ, सीआयएसएफ, आयटीबीपी, एसएसबी, आसाम रायफल्स ह्या केंद्रीय दलांतून डेप्युटेशनवर, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी येतात. म्हणजे आधी शिपाई व्हायला एसएससी जीडी नाहीतर अधिकारी व्हायला यूपीएससीची सीएपीएफ परीक्षा, तिकडं नोकरी, मग इकडं. राज्याचं असंच दल म्हणजे एसडीआरएफ, त्याच्या धुळे-नागपूरच्या तुकड्याही राज्य राखीव पोलीस दलातूनच (एसआरपीएफ). त्यामुळं "थेट भरती, फॉर्म फी अमुक" असलं काही व्हॉट्सॅपवर आलं तर एक रुपया भरू नका.

मला बोलायचंय ते वेगळ्या नोकरीवर. बोट कुठल्या गावाला आधी जाणार, पूर यायच्या आधी कोणाला हलवायचं, हलवलेल्या माणसांना रात्री जेवायला काय, हे जो ठरवतो त्याची नोकरी. टीव्हीवर हा माणूस दिसत नाही, तो कलेक्टर ऑफिसात फोनवर असतो.

२००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानं जिल्हा प्राधिकरणाचा अध्यक्ष जिल्हाधिकारी आणि सहअध्यक्ष जिल्हा परिषदेचा अध्यक्ष. कागदावर हे. रोजचं काम निवासी उपजिल्हाधिकारी म्हणजे आरडीसी आणि त्याच्या हाताखालचा जिल्हा आपत्ती व्यवस्थापन अधिकारी बघतो. तालुक्याला तहसीलदार, गावात तलाठी, ग्रामसेवक, पोलीस पाटील, कोतवाल. म्हणजे करिअरचे मुख्य दरवाजे दोनच. एक महसूल, तो एमपीएससी किंवा यूपीएससीतून. दुसरा डिग्रीचा, तिथून बहुतेक ठिकाणी कंत्राटी पद मिळतं.

माझं मत स्पष्ट आहे, ज्याला खरंच निर्णय घ्यायचेत आणि ज्याचं वय, अटेम्प्ट शिल्लक आहेत त्यानं महसूलच्या दरवाजानं जावं. कारण संकटात कोणाचा ट्रक, कोणाचं मंगल कार्यालय ताब्यात घ्यायचं ते अधिकार कायद्यानं प्राधिकरणाला दिलेत आणि ऑर्डरवर सही कंत्राटी माणसाची चालत नाही, तुम्ही कितीही हुशार असा. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा लातूरला कलेक्टर प्रवीण परदेशी होते, पुढं ते संयुक्त राष्ट्रांच्या आपत्तीविषयक कामातही गेले. मोठ्या कामाची सुरुवात अशी एखाद्या जिल्ह्यातूनच होते. आणि अभ्यासाचं म्हणाल तर यूपीएससी मेन्सच्या जीएस ३ (सामान्य अध्ययन) पेपरमध्ये आपत्ती व्यवस्थापन आहेच, वेगळा क्लास लावायची गरज नाही.

डिग्रीवाल्यांसाठी मुंबईत टिसमध्ये (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) आपत्ती अभ्यासाचं जमशेटजी टाटा स्कूल आहे, नोकरी करत शिकायचं तर इग्नू ह्या मुक्त विद्यापीठाचा डिप्लोमा आहे, पुण्याच्या यशदा ह्या सरकारी प्रशिक्षण संस्थेत आणि नागपूरच्या एनडीआरएफ अकादमीत ट्रेनिंगं होतात. पण कोर्सपेक्षा मुलाखतीत उपयोगी पडतं ते आपला जिल्हा माहीत असणं. कोल्हापूरवाल्याला राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका ४३, सांगलीवाल्याला आयर्विन पुलाची ४० आणि ४५, हे झोपेतून उठवून विचारलं तरी यायला पाहिजे. प्रत्येक जिल्ह्याचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा असतो, कायद्यानंच करावा लागतो, आणि तो जिल्ह्याच्या वेबसाइटवर सहसा पीडीएफमध्ये सापडतो. तो आख्खा वाचा आणि कुठले फोन नंबर जुने झालेत ते शोधा, मुलाखतीत काय सुधाराल असं विचारलं की बोलायला तेवढं पुरतं.

आता खरं काम. मे महिन्यात मान्सूनपूर्व बैठका, १ जूनपासून कंट्रोल रूम २४ तास, १०७७ वर फोन. पण पावसाळ्याआधी जे तयार करायचं असतं त्यात सगळ्यात किमती म्हणजे याद्या. संपर्क तुटणारी गावं कुठली, त्यात बाळंतपणाची तारीख जुलै-ऑगस्टात असलेल्या बायका किती (ही यादी आशाताईकडं तयार असते, फक्त मागावी लागते), डायलिसिसवर कोण, अंथरुणाला खिळलेलं कोण, बोट कुठं आणि तिचं इंजिन चालू होतं का. गडचिरोली-मेळघाटात पावसाळ्याआधीच धान्य पोचवून ठेवतात ते ह्याच विचारानं. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पुरात बोट उलटून गावकऱ्यांचा जीव गेला. बोटीत किती माणसं बसवायची आणि लाइफ जॅकेट किती आहेत हे पाणी चढायच्या आधी ठरलेलं पाहिजे, पाणी दारात आल्यावर लोक ऐकत नसतात आणि त्यात त्यांची चूकही नसते.

मग निवारा केंद्र. नवीन माणूस इथंच फसतो. त्याला वाटतं शाळा उघडली, खिचडी शिजवली, झालं. जगभर मदतकार्यात स्फिअर ह्या किमान निकषांचे आकडे वापरतात ते पाठ करा, माणशी दिवसाला १५ लिटर पाणी, माणशी साडेतीन चौरस मीटर जागा, २० माणसांमागं १ संडास. आता ३०० माणसं शाळेत आणली तर १५ संडास लागतात, शाळेत किती असतात ते तुम्हाला माहितीय. त्यातले बायकांचे वेगळे, तिथं रात्रभर लाइट, पॅड, इन्सुलिन ठेवायला फ्रिज, लहान पोरांना दूध. कायद्याच्या कलम १२ मध्ये निवारा, अन्न, पाणी, औषधोपचार, स्वच्छता हे किमान मदतीत लिहिलेलंच आहे, विधवा आणि अनाथांसाठी वेगळी तरतूद करायला सांगितलीय. त्यामुळं महिला व बालविकास, समाजकल्याण, आरोग्य ह्या खात्यातली माणसं पहिल्या दिवसापासून बैठकीत हवीत. जी मुलंमुली सोशल वर्क केलेली आहेत, एमएसडब्ल्यू वगैरे, त्यांना इथं खूप वाव आहे आणि त्यांनाच ते माहीत नसतं. आणि कोल्हापूर-सांगलीत जनावरांची सोय नसेल तर माणूस घर सोडत नाही, म्हैस गोठ्यात बांधून मी शाळेत जाऊन झोपू का म्हणतो. चारा-छावणी आधी, मग आवाहन.

पाणी ओसरलं की टीव्हीवाले जातात आणि तुमचं सगळ्यात लांबलचक काम तेव्हा सुरू होतं. पंचनामे, सानुग्रह अनुदान. मृताच्या वारसाला ४ लाख, हे निकषात आहे, पण वारस कोण, पासबुक वाहून गेलं, आधार चिखलात, घर भाड्याचं, जमीन आजोबांच्या नावावर, हे सोडवत महिने जातात. १९ जुलै २०२३ ला रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी दरडीखाली गेली, २७ मृतदेह मिळाले आणि ५७ जण बेपत्ता राहिले तेव्हा शोध थांबवला. बेपत्ता माणसाच्या घरच्यांना काय सांगायचं, कुठला कागद कसा करायचा, हे पण ह्याच नोकरीचं काम आहे आणि ते फोनवरून होत नाही, समोर बसावं लागतं. ज्याला हे जमणार नाही वाटतंय त्यानं प्लॅनिंग किंवा जीआयएसकडं (संगणकावर नकाशे करायचं काम) जावं, त्यात कमीपणा काही नाही.

कॉलेजात असाल तर आत्ताच काय करता येईल, आपदा मित्र ह्या सरकारी योजनेतलं स्वयंसेवकांचं ट्रेनिंग जिल्ह्यात निघालं की घ्या, एक्सेल नीट शिका, क्यूजीआयएस हे नकाशांचं फुकटातलं सॉफ्टवेअर शिका. गावातल्या तलाठ्याशी ओळख ठेवा, पंचनाम्याला त्याच्यासोबत एकदा फिरून या.

कंत्राटी ऑर्डर मिळाली तर मुदत किती, मुदतवाढ कोण देतो, पगार कुठल्या निधीतून, हे सही करायच्या आधी विचारा, लाजू नका. आणि जून ते सप्टेंबर रजा मिळणार नाही हे घरच्यांना तेव्हाच सांगून टाका.