दीर्घकालीन आजार असलेल्या पोनीसाठी नवे घर कसे शोधावे

गोव्यात घोडे पाळणारे मुळातच थोडे आहेत. नोकरीनिमित्त परदेशी जावे लागणे, भाटाची (बागायतीची) वाटणी होणे किंवा सांभाळणाऱ्याचे वय होणे अशा कारणांनी निरोगी पोनी द्यायचा झाला, तर घेणारा फारसा शोधावा लागत नाही. ज्या पोनीला खुरांचा लॅमिनायटिस (खुराच्या आतल्या भागाची वेदनादायक सूज), श्वासाचा जुना विकार, सांधेदुखी किंवा दर पावसाळ्यात उफाळणारी कातडीची खाज आहे, त्याच्या बाबतीत मात्र घेणारे दोनच प्रकारचे भेटतात: एकाला आजाराची कल्पना नसते आणि दुसऱ्याला फुकट जनावर हवे असते. दोघांनाही टाळून तिसरा माणूस शोधायचा, तर घाई करून चालत नाही. पोनी पंचवीस-तीस वर्षेही जगतो, त्यामुळे बारा वर्षांचा आजारी पोनी घेणारा माणूस कदाचित पुढच्या दीड दशकाची जबाबदारी घेत असतो.

सुरुवात पशुवैद्यापासून करावी. जाहिरात देण्यापूर्वी सविस्तर तपासणी करून घ्यावी आणि लेखी अहवाल मागावा. रोगाचे नाव, तो केव्हा लक्षात आला, मागील झटके कोणत्या महिन्यांत आले, कोणती औषधे किती मात्रेत चालू आहेत, आणि पोनीवर बसता येईल की नाही, हे सर्व त्यात असावे. लॅमिनायटिस असल्यास खुरांचे क्ष-किरण चित्र जोडलेले चांगले, कारण खुरातील हाड किती फिरले आहे हे बाहेरून दिसत नाही. घोड्यांची सवय असलेले डॉक्टर गोव्यात मोजके असल्यामुळे कोल्हापूर किंवा बेळगाव बाजूच्या अनुभवी पशुवैद्याचे मत घ्यावे लागले, तर तो खर्च वाया जात नाही.

याच भेटीत एक अवघड प्रश्न विचारून घ्यावा: या पोनीला दुसरीकडे नेणे त्याच्या हिताचे आहे का? वेदना औषधानेही आटोक्यात येत नसतील आणि तो दिवसाचा बराच वेळ आडवा पडून राहत असेल, तर नव्या जागेचा ताण त्याच्यावर लादण्यापेक्षा पशुवैद्याच्या हातून शांत मरण देणे अधिक दयेचे ठरते. हा पर्याय उच्चारायला लोक कचरतात, परंतु तो वेळेवर न उच्चारल्यामुळे हाल झालेली जनावरेच अधिक असतात. पोनीला वाऱ्यावर सोडून देणे हा मात्र पर्यायच नव्हे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960च्या कायद्यानुसार उपासमार होईल अशा स्थितीत जनावर सोडणे आणि आजारामुळे अक्षम झालेल्या जनावराला कामाला जुंपणे हे दोन्ही गुन्हे आहेत.

नवे घर शोधायचे ठरले की महिनाभर एक वही ठेवावी. वैरण किती, ती भिजवून दिली की कोरडी, दाणा कोणता, औषध कशात मिसळल्यावर तो खातो, नालबंद कधी आला आणि या सगळ्याला किती पैसे लागले, हे त्यात रोज लिहावे. पोनीला साधारणपणे वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडी वैरण लागते, म्हणजे 200 किलोच्या पोनीला रोज तीन ते चार किलो. खुरांची छाटणी सहा ते आठ आठवड्यांनी लागते, आणि गोव्यात नालबंद बाहेरून बोलवावा लागत असेल तर त्याचा प्रवासखर्चही धरावा. इच्छुकाला तोंडी माहिती देण्याऐवजी ही वही वाचायला द्यावी. तिच्यातील आकडे पाहून जो मागे हटतो, तो आताच हटलेला बरा.

जाहिरातीत आजार पहिल्याच ओळीत असावा. उदाहरणार्थ: ‘बारा वर्षांची शांत स्वभावाची घोडी, लॅमिनायटिसचा जुना त्रास, आयुष्यभर मोजका आहार आवश्यक, बसण्यासाठी अजिबात नाही, सोबतीसाठी योग्य, अटी लागू.’ एवढे पुरते. ‘फुकट’ हा शब्द टाळावा. फुकट मिळालेला पोनी वेदनाशामक देऊन लग्नाच्या वरातीत किंवा किनाऱ्यावरच्या फेऱ्यांत उभा केला जाण्याची आणि हंगाम संपताच पुढे विकला जाण्याची भीती खरी आहे. विचारणा प्रथम पशुवैद्य, नालबंद, रायडिंग शिकवणारे आणि घोडी ठेवणारी ओळखीची कुटुंबे यांच्याकडे करावी. प्राणी कल्याण संस्थांनाही जरूर विचारावे. मात्र गोव्यातील अशा संस्थांच्या कामाचा मोठा भाग कुत्री, मांजरे आणि गुरे यांचा असतो, त्यामुळे घोड्यासाठी जागा आणि जाणता माणूस आहे का, हे आधी विचारून घ्यावे.

इच्छुकाची जागा स्वतः पाहिल्याशिवाय होकार देऊ नये. गोव्याच्या हवेत जागेची निवड म्हणजे निम्मा उपचार आहे. कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग, दिसायला रम्य असते, पण तिथली सावली आणि ओल आजारी खुरांना व श्वासाला मानवत नाही. खाजन शेतीलगतच्या (खाडीकाठच्या सखल, ओलसर शेतालगतच्या) घरांत बारीक चिलटांचा उपद्रव असतो. खाजेचा विकार याच चिलटांच्या चाव्याने होतो आणि ती पहाटे व तिन्हीसांजेला अधिक चावतात. अशा पोनीसाठी वारा खेळणारी सड्यावरची, म्हणजे उंच पठारावरची जागा उत्तम. ती मिळत नसेल तर त्या वेळांत पोनीला आत घेऊन तबेल्यात मोठा पंखा लावता आला पाहिजे, कारण वाऱ्यात या चिलटांना नीट उडता येत नाही. तबेल्याची जमीन कोरडी राहते का, हे शक्यतो पावसाळ्यात पाहावे. गवताची गंजी हाताने उसकटून वास घ्यावा. कुबट वास आला तर श्वासाचा विकार असलेल्या पोनीसाठी ती जागा नाही, कारण बुरशीची धूळ हेच त्या विकाराचे मोठे कारण असते. उन्हाळ्यात ज्या पोनीला घाम येणे बंद होते, त्याच्यासाठी दुपारची गार सावली आणि अंगावर मारायला भरपूर पाणी आहे का, तेही पाहावे.

लॅमिनायटिसच्या पोनीसाठी आवाराच्या कुंपणाबाहेर काय आहे, हेही महत्त्वाचे. काजूच्या बागेत मार्च ते मे या काळात खाली पडलेले बोंडू त्याला गोड लागतात आणि साखरेचा हा मारा खुरांना सोसत नाही. देवळाच्या वाटेवरचे घर असेल तर येणारे-जाणारे प्रेमाने गूळ आणि चणे भरवतात. तिथे ठळक पाटी लावण्याची घरमालकाची तयारी हवी. कण्हेर ही तर गोव्यातील कितीतरी अंगणांत असते आणि घोड्याला ती प्राणघातक आहे.

आणखी एक गोष्ट सहसा विसरली जाते. घोडा कळपात राहणारा प्राणी आहे. नव्या घरी दुसरा घोडा किंवा निदान गाढव नसेल, तर तो खंगत जाण्याची शक्यता असते. तुमच्याकडे त्याची जोडी असेल तर दोघांना एकत्रच द्यावे.

माणूस आणि जागा पसंत पडल्यावर करार लेखी करावा, तोही एकदम कायमचा नव्हे. पहिले तीन महिने मालकी तुमच्याकडेच ठेवून पोनी केवळ सांभाळण्यासाठी द्यावा. पोनीवर कोणी बसणार नाही, घोडी असल्यास तिच्यापासून शिंगरू घेतले जाणार नाही, पोनीला पुढे विकले किंवा दिले जाणार नाही आणि जमेनासे झाल्यास तो प्रथम तुमच्याकडेच परत येईल, या अटी स्पष्ट असाव्यात. मोठ्या आजारपणाचा खर्च कोण करणार आणि तुमच्याशी संपर्क होत नसताना शांत मरणाचा निर्णय कोण घेणार, हेही लिहावे. नात्यातल्या माणसाला देत असाल तर हा कागद अधिकच काळजीने करावा.

प्रवासाआधी ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची रक्ततपासणी पशुसंवर्धन खात्याच्या मार्गदर्शनाने करून घ्यावी. हा रोग माणसालाही होऊ शकतो आणि त्याची माहिती शासनाला देणे बंधनकारक आहे. त्याची राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा हिस्सारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात आहे. अहवाल यायला वेळ लागू शकतो, म्हणून नमुना आधीच द्यावा. जनावरांच्या वाहतुकीच्या 1978च्या नियमांनुसार पशुवैद्याचा आरोग्य दाखला सोबत लागतो, आणि पत्रादेवी, मोले, केरी किंवा पोळे या मार्गांनी राज्याबाहेर जायचे असेल तर सर्व कागद हाताशी ठेवावेत. प्रवास नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, पहाटे निघून करावा. पावसाळ्यात चोर्ला किंवा अनमोड घाटात दरड कोसळून गाडी अडकली, तर दुखऱ्या खुरांवर तासन् तास उभे राहणे त्याला झेपत नाही. लॅमिनायटिसचा ताजा झटका असेल तर पशुवैद्याने परवानगी देईपर्यंत प्रवास पुढे ढकलावा.

पोनीसोबत पंधरा दिवसांची त्याची नेहमीची वैरण आणि दाणा, महिनाभराची औषधे, त्याचा खरारा आणि वही पाठवावी. नवा आहार आठ-दहा दिवसांत हळूहळू मिसळत न्यावा, कारण एकदम बदल केल्यास पोटशूळ उठतो. नव्या सांभाळणाऱ्याला रोज सकाळी खुरांवर हात ठेवून ती गरम लागतात का, हे पाहायला शिकवावे. स्वस्थ घोड्याचे तापमान साधारण 37.5 ते 38.5 अंश सेल्सिअस असते आणि विश्रांतीत तो मिनिटाला 8 ते 16 श्वास घेतो; हे आकडे तबेल्याच्या भिंतीवर लिहून ठेवावेत आणि त्यांच्याखाली दोन पशुवैद्यांचे दूरध्वनी क्रमांक.