फाटकी जीन्स आवडत नसेल तर: भोकं पक्की बंद करायची रीत

नवी कोरी जीन्स गुडघ्यावर फाडूनच विकायची, ही फॅशन अनेकांना मनापासून आवडत नाही. त्यासाठी कुणी जुन्या विचारांचं ठरत नाही, कारण हरकत कापडाच्या बाजूने आहे. जेकब डेव्हिस आणि लीव्हाय स्ट्रॉस यांनी २० मे १८७३ रोजी अमेरिकेत पेटंट घेतलं, ते खिशाच्या कोपऱ्यांवर धातूचं रिव्हेट ठोकून पॅंट फाटू नये यासाठी. आज तीच पॅंट कारखान्यात ब्लेडने कापतात, दगडाने किंवा सॅंडपेपरने घासतात. कापतात तेही नेमकं गुडघ्यावर, जिथे उठता-बसता सगळ्यात जास्त ताण येतो. हे घासणं कामगारांनाही बाधतं. वाळूचा फवारा मारून जीन्स झिजवताना उडणाऱ्या धुळीने सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार होतो, म्हणून तुर्कस्तानने २००९ मध्ये ती पद्धत बंद केली. आपल्या शेजारी उल्हासनगरला जीन्सच्या धुलाई कारखान्यांच्या सांडपाण्याने वालधुनी नदी किती प्रदूषित झाली, ते कल्याण-अंबरनाथकडच्या लोकांना वेगळं सांगायला नको.

तरीही अशी जीन्स घरात येते. कुणी भेट देतं, मुलं घेऊन येतात, ऑनलाइन फोटोत न दिसलेलं भोक पार्सल उघडल्यावर दिसतं. चेंबूरच्या एका महाविद्यालयाने २०२४ मध्ये आणि सिद्धिविनायक मंदिर न्यासाने जानेवारी २०२५ मध्ये फाटक्या पॅंटींना मनाई केल्यावर अशा कितीतरी जीन्स कपाटात पडून राहिल्या असतील. त्या टाकू नका, वापरता येतात. फक्त भोक कसं झालंय ते समजून घेऊन बंद करायला हवं.

आधी भोक नीट बघा

डेनिममध्ये ताण्याचे उभे धागे निळीत रंगवलेले असतात आणि बाण्याचे आडवे धागे पांढरे. फॅशनसाठी भोक पाडताना उभे धागे काढून टाकतात आणि आडवे ठेवतात, म्हणून गुडघ्यावर पांढरी झालर दिसते. आता सगळा भार त्या सुट्या धाग्यांवर येतो. दर धुलाईत त्यातले काही तुटतात आणि भोक वाढत जातं. स्ट्रेच जीन्समध्ये लवचीक इलास्टेन बहुधा याच आडव्या धाग्यांत असतं. ते तुटले की टोकं दोन्हीकडे आखडतात आणि भोक आ वासतं. त्यातच सकाळी लोकल पकडायच्या घाईत पॅंट चढवताना पायाचा अंगठा झालरीत अडकला, की चार बोटांचं भोक वीतभर होतं.

भोकाच्या कडेचं कापड दिसतं तेवढं धड नसतं. तिथेही घासलेलं असतं, शिवाय ब्लीचने सुताची ताकद गेलेली असते. पॅंटच्या पायात मोबाइलचा टॉर्च घाला. जिथून उजेड जास्त येतो ते सगळं कापड पातळ झालेलं आहे. त्या पातळ भागाच्या बाहेरून शिंप्याच्या खडूने रेघ मारा. ठिगळ या रेघेच्याही पुढे ३ सेंटिमीटर जायला हवं. बहुतेकांचं काम इथेच बिघडतं: भोकाएवढं ठिगळ लावतात, टीप पातळ कापडावर बसते आणि महिन्याभरात ठिगळाच्या कडेला नवं भोक पडतं.

ठिगळाचं कापड

जुन्या जीन्सचा मांडीचा मागचा भाग सगळ्यात चांगला. तो कमी झिजतो आणि धुऊन-धुऊन आटायचा तेवढा आटलेला असतो. नवीन डेनिम आणलं तर आधी एकदा कोमट पाण्यात धुऊन वाळवा. नाहीतर पहिल्याच धुलाईत ठिगळ आटतं आणि गुडघ्यावर चुण्या पडतात.

ठिगळ मूळ कापडापेक्षा जाड कधीच नको. जाड ठिगळ वाकत नाही, सगळा बाक त्याच्या कडेवर येतो आणि कड फाटते. थोडं पातळ चालेल. ठिगळाचे उभे धागे पॅंटच्या उभ्या धाग्यांच्या दिशेनेच ठेवा. पॅंट स्ट्रेच असेल तर ठिगळही स्ट्रेचच हवं आणि ते आडवं ताणलं जायला हवं. कोपरे गोल कापा, टोकदार कोपरा सगळ्यात आधी सुटतो.

बाहेरची शिवण उसवा

गुडघा पायाच्या नळीत असल्यामुळे मशीनखाली सपाट पसरत नाही. म्हणून एक शिवण उसवावी लागते. आतल्या बाजूची शिवण बहुधा घडी घालून दुहेरी टिपेने पक्की केलेली असते, तिला हात लावू नका. बाहेरची साधी, ओव्हरलॉक केलेली (कड दोऱ्याने गुंफलेली) असते. ती भोकाच्या वर १० आणि खाली १० सेंटिमीटर जाईल एवढी उसवा, साधारण ३० सेंटिमीटर होते. तुमच्या पॅंटची रचना उलटी असेल तर जी साधी असेल ती उसवा.

आता पॅंट उलटी करून झालर हाताने सरळ बसवा. पांढरे धागे कापू नका. ते जागेवर टिपले तर भोक आडवं फाकत नाही. फक्त गुंतलेले लांब दोरे काढा. ठिगळ आतून ठेवा आणि कच्चा धावदोरा घालून पक्कं बसवा. टाचण्यांवर भागवू नका, जाड कापडात त्या सरकतात.

स्ट्रेच नसलेल्या पॅंटीला ठिगळाआधी पातळ फ्यूजिंग (इस्त्रीने चिकटणारं अस्तर) लावलं तर झालर हलत नाही. इस्त्री कॉटनवर, वाफ बंद. १० ते १२ सेकंद दाबून धरा, उचला, पुढच्या जागी ठेवा. इस्त्री फिरवली तर धागे तिरके होतात. पूर्ण थंड होईपर्यंत कापड हलवू नका. स्ट्रेच पॅंटीला फ्यूजिंग नको, ताणलं की सुटतं आणि फुगे येतात.

टिपा

मशीनला १६ नंबरची, जीन्सची सुई लावा. ११ किंवा १४ ची सुई जाड जागी वाकते, टाके चुकतात. धागा साधा पॉलिएस्टरचा चालतो. जीन्सवर दिसणारा जाड पिवळा धागा इथे वापरू नका, त्याने ठिगळ कडक होतं. रंग कापडापेक्षा एक छटा गडद घ्या. फिकट धागा उठून दिसतो.

टाका २.५ ते ३ मिलिमीटर. भोकाच्या बाहेर, धड कापडावर दीड सेंटिमीटर अलीकडून सुरुवात करून खाली जा, मशीन उलटं चालवत वर या, पुन्हा खाली. दोन ओळींत ३-४ मिलिमीटर अंतर. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ओळींची टोकं एका रेषेत संपवू नका. एक ओळ थोडी लांब, पुढची आखूड ठेवा. सगळ्या ओळी एकाच जागी थांबल्या तर तिथे सुईच्या भोकांची रांग तयार होते आणि वहीचं पान फाटावं तसं कापड त्या रांगेवर फाटतं. स्ट्रेच पॅंटीला सरळ टीप तुटते, तिथे बारीक झिगझॅग घाला.

मशीन नसेल तर गोधडीचा धावदोरा उत्तम, आणि आमच्या मते मशीनपेक्षा देखणा. दुहेरी दोरा, ४-५ मिलिमीटरचे टाके, समांतर ओळी, प्रत्येक ओळीत टाके आधीच्या ओळीच्या मधोमध. दोरा ओढून घट्ट करू नका, गुडघा वाकायला जागा हवी. गाठी ठिगळाच्या कडेला घ्या, मधोमध आली तर गुडघ्याला टोचत राहते.

शेवटी ठिगळाची जादा कड टिपेपासून १ सेंटिमीटर सोडून कापा, बाहेरची शिवण पूर्वीच्याच रेघेवर घाला आणि झिगझॅगने कड बांधून टाका. पहिले दोन-तीन वेळा उलटी करून थंड पाण्यात धुवा, ड्रायरमध्ये घालू नका.

एक सेंटिमीटरपेक्षा लहान भोकाला ठिगळाची गरज नाही, रफू पुरे. खिशाच्या कोपऱ्यावर पाडलेली भोकंही रफूवाल्याकडेच द्या, तिथे रिव्हेट आणि चार पदर असल्यामुळे घरच्या मशीनची सुई तुटते.

अल्टरवाल्याकडे टाकणार असाल तर नुसतं 'भोक बंद करा' म्हणू नका. 'बाजूची शिवण उसवून, आतून जीन्सचंच ठिगळ, वर-खाली उलटसुलट टिपा' असं सांगा. शिवण न उसवता तो वरच्या वर टिपा मारणार असेल तर दुसरा गाठा, कारण अशा कामात चुणी येतेच.

नवी घेताना

फॅशन स्ट्रीट असो, हिल रोड असो की उल्हासनगरचा कॅम्प ५, 'प्लेन, नो डॅमेज' असं स्पष्ट मागा. तयार कपड्यांच्या बाजारात फाडलेल्या नमुन्याला 'डॅमेज' म्हणतात आणि विक्रेत्याला ते लगेच कळतं. भोक नसलं तरी पॅंट उलटी करून गुडघा उजेडासमोर धरा. मांडीवर पांढरट डाग आणि मिशांसारख्या रेघा असतील तर तिथे घासलंय आणि पुढचं भोक तिथेच पडणार. मुंबईच्या पावसाळ्यात जाड डेनिम दोन-दोन दिवस वाळत नाही आणि कुबट वास धरतं, म्हणून हलकं, ९ ते ११ औंसाचं (चौरस यार्डाचं वजन) कापड बरं.

भोक मांडीपर्यंत गेलं असेल, किंवा एका पायात तीन-चार असतील, तर ठिगळांचा हट्ट सोडा आणि हाफ पॅंट करा. सगळ्यात वरच्या भोकाच्या वर काप घ्या, पण दुमडायला ४ सेंटिमीटर जादा ठेवा: २ आत, पुन्हा २. आतल्या शिवणीपाशी कापडाचे बरेच पदर होतात. तिथे आधी हातोडीने चेपा, मशीनच्या पायाखाली मागच्या बाजूला घडी केलेलं कापड सरकवून पाय सपाट करा आणि तेवढे चार-पाच टाके चाक हाताने फिरवून घाला.